पंप घेण्याआधी वाल पाहा: सायकलच्या हवेबद्दल वाचकांचे प्रश्न

हातात मावणारा, मोबाइलसारखा चार्ज होणारा, बटण दाबलं की टायरात हवा भरून आपोआप थांबणारा पंप आता खेड्यापाड्यात पोचला आहे. त्याच्याबद्दल विचारणारी पत्रं बरीच साचली होती, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं. आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, अन् उन्हाळाभर भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली तेव्हाच बाहेर निघतात, म्हणून हे आत्ताच छापलेलं बरं.

प्रश्न : आमची शाळा दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात आहे. आजूबाजूच्या गावातल्या मुली सायकलनं येतात, बहुतेक सायकली मानव विकासच्या योजनेतून भेटलेल्या. गावात पंक्चरचं दुकान एकच अन् तेही बाजाराच्या दिवशीच उघडं राहते. आम्ही शिक्षकांनी वर्गणी करून शाळेत चार्जिंगचा पंप घ्यायचं ठरवलं, पण ऑनलाइन पाहिलं तर शंभर प्रकार. कोणी १५० पीएसआय लिहिते, कोणी ६००० एमएएच. कोणता घ्यावा?
— एक शिक्षक, जि. यवतमाळ

गुरुजी, आधी तुमच्या मनाबद्दल आभार, कारण चाकात हवा नाही म्हणून पोरीची शाळा बुडते ही गोष्ट लहान वाटते पण लहान नाही. आता पंपाचं. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, एमएएच म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं. पण पंप नंतर पाहू, आधी शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींचे वाल, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायची तोंडं, पाहून या, कारण पैसे वाया जातात ते इथंच.

आपल्याकडे तीन तऱ्हेचे वाल दिसतात. एक आपला जुना, साध्या काळ्या सायकलीचा अन् मुलींच्या बहुतेक सायकलींचा, ज्याची पितळी चकती फिरवली की आतली कांडी बाहेर येते अन् त्या कांडीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते, तीच वालट्यूब. दुसरा मोटरसायकलसारखा जाडा वाल, ज्याच्या मधोमध पिन दिसते अन् नखानं दाबली की फुस्सकन हवा जाते. हा गिअरच्या अन् जाड टायरच्या बऱ्याच सायकलींना राहते. तिसरा लांब अन् बारीक वाल, टोकाला छोटीशी चकती, तो महागड्या शर्यतीच्या सायकलींचा, तुमच्या शाळेत क्वचितच दिसेल.

चार्जिंगच्या पंपाची नळी बहुतेक करून मोटरसायकलच्या वालासाठी बनवलेली असते. सोबत एकदोन नोझल देतात, एक फुटबॉलची सुई, एक फुग्या-गादीचं प्लास्टिकचं टोक, अन् एक पितळेचं बोंडाएवढं जोडटोक. हे पितळेचं टोक बारीक वालासाठी असते पण आपल्या वालट्यूबच्या वालावरही बसते, दोघांचं वरचं तोंड सारखंच. तर खोक्यात ते टोक आहे की नाही एवढं पाहूनच ऑर्डर करा, नसलं तर सायकलच्या दुकानात सुटं भेटते अन् दोन-चार जास्तीची घेऊन ठेवा, कारण ते हरवते. मातीत पडलं की सापडत नाही.

आता खरी अडचण, जी कोणत्याच जाहिरातीत लिहिलेली नसते. पिनच्या वालात पंपाची नळी लावली की पिन दबते, टायर अन् नळी एक होतात, म्हणून पंपाच्या पडद्यावर टायरातली खरी हवा दिसते. वालट्यूबच्या वालात दाबायला पिनच नाही. रबर हवेला आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही, म्हणून पंपाला टायरातली हवा दिसतच नाही, फक्त नळीतली दिसते. टायर टम्म भरलेलं असलं तरी लावल्याबरोबर पडदा शून्य दाखवते, अन् पंप सुरू झाला की टायरात आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवते कारण रबर ढकलायलाही जोर लागते. मग होते असं की तुम्ही ४० लावता, पंप ४० वर थांबते, अन् टायर मात्र मऊच. पंप खराब नसते. अशा सायकलीसाठी आकडा पाच-दहानं वर लावा अन् पंप थांबला की अंगठ्यानं टायर दाबून पाहा, मुलीला सीटवर बसवून पाहा, मागचं टायर खाली किंचित दबलेलं दिसलं पाहिजे, रिमपर्यंत बसता कामा नये अन् दगडासारखं कडकही नको.

अन् बटण दाबल्या दाबल्या आकडा उडी मारून ६०-७० वर गेला अन् टायरात काहीच गेलं नाही असं झालं तर समजा की वालट्यूब चिकटली. उन्हाळ्यात उभ्या सायकलींचं हे नेहमीचं. चकती खोला, कांडी काढा, जुनं रबर नखानं सोलून टाका, नवीन रबर थुंकी नाहीतर पाण्यानं ओलं करून चढवा, कांडीच्या बाजूला जे बारीक छिद्र असते ते पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, अन् चकती परत आवळा. दोन-चार रुपयाचं काम. वालट्यूबचं एक पुडकं शाळेच्या कपाटात ठेवा, पंपाइतकंच ते महत्त्वाचं. बुडबुडा पाहायची जुनी रीतही पोरींना शिकवा, वालाच्या तोंडावर थुंकीचं बोट फिरवायचं, बुडबुडा फुगला की वाल गळते, नाही फुगला तर गळती ट्यूबमध्ये आहे.

आता आकडे. १५० पीएसआयच्या मागे लागू नका, तुमच्या कामाचं नाही. टायरच्या बाजूवर रबरातच उठवलेली अक्षरं असतात, त्यात किमान-कमाल किंवा नुसता कमाल आकडा दिलेला राहते. साध्या सायकलीला अन् जाड टायरच्या सायकलीला साधारण ३५ ते ६० च्या मधात काम भागते, बारीक टायराला ८० च्या वर लागते. दोघी बसून येत असतील किंवा कॅरिअरवर ओझं असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. काही पंपांवर बार किंवा केपीए मध्ये आकडा येते, तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय अन् १०० केपीए म्हणजे १ बार, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बॅटरीचा एमएएचचा आकडा एकटा पाहू नका, त्यानं फसगत होते. ३.७ व्होल्टचे ४००० एमएएच अन् ७.४ व्होल्टचे २००० एमएएच यात साठलेली वीज सारखीच, दोन्ही १४.८ वॅट-अवर. म्हणून व्होल्टनं एमएएचला गुणा, हजारानं भागा, अन् मग दोन पंपांची तुलना करा. एवढ्या बॅटरीत जाड टायरच्या सायकलीची पूर्ण रिकामी टायरं पाच-सहा भरली तरी खूप समजा, नुसती कमी झालेली हवा वर करायची असेल तर त्याच्या दुपटी-तिपटीनं. सलग चाळीस सायकली भरणं हे त्याचं काम नाहीच, एकदोन टायरांनंतर मोटर तापते, नळीचं पितळी टोक हाताला चटका देते, मधात थांबून थंड होऊ द्यावं लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, गुरुजी. वर्गणीचे पैसे आधी एका चांगल्या उभ्या पंपावर घाला, ज्यावर दोन्ही पाय ठेवून दोन्ही हातानं हवा भरतात अन् खाली घड्याळासारखा काटा असतो. त्याला वीज लागत नाही, लोडशेडिंग लागत नाही, दहा वर्षं चालते, वायसर बदललं की परत नवा. त्यानंतर पैसे उरले तर मध्यम आकाराचा चार्जिंगचा पंप घ्या, पंप थेट वालावर बसणारा नको, लवचीक नळीचाच घ्या. कारण जड पंप वालाला लटकला की वाल मुळातून हलते अन् ट्यूब तिथंच फाटते, अन् ते पंक्चर कोणालाच जोडता येत नाही. चाक फिरवून वाल खाली आणायचा, पंप जमिनीवर ठेवायचा, नळी सैल राहू द्यायची. सहावी-सातवीच्या ज्या पोरींच्या अंगात उभा पंप दाबायचा जोर नाही त्यांना हा पंप खरंच सोयीचा आहे.

प्रश्न : माह्याकडे कपाशीवर फवारणी करायचा बॅटरीचा पंप हाये, त्यात १२ व्होल्टची बॅटरी. पोरानं कारमध्ये लावतात तो १२ व्होल्टचा हवेचा पंप आणला. दोन्ही १२ व्होल्टच हायेत त जोडून सायकलमधी हवा भरता येईन काय? बैलगाडीच्या टायरचं काय जी?
— एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

काकाजी, व्होल्ट जुळले म्हणून काम जुळत नाही, अँपिअरही पाहावं लागते. कारच्या हवा पंपाच्या पाठीवर बारीक अक्षरात किती अँपिअर लागतात ते लिहिलेलं राहते, बहुतेक १० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. फवारणी पंपाची बॅटरी साधारण ८ एएचची अन् तिच्या तारा बारीक, कारण फवारणीच्या छोट्या मोटरला त्याच्या निम्मीही ओढ नसते. कारचा पंप तिला जोडला तर तारा तापतील, फ्यूज असला तर उडेल, नसला तर तार वितळेल, अन् अशी ओढ वारंवार पडली तर बॅटरी हंगामाच्या मधातच बसेल. ऐन फवारणीत बॅटरी बसली तर कपाशीचं नुकसान किती होईल ते तुम्हीच मला सांगाल. म्हणून नाही जोडायचं. अन् त्या बॅटरीला, तिच्या तारांना औषधाचा हात लागलेला असते, सायकलच्या कामासाठी ती घरात पोरांच्या हाती देऊ नका, ही वेगळी गोष्ट पण सांगणं जरुरी आहे.

ट्रॅक्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर हा पंप आरामात चालते, तीही १२ व्होल्टचीच अन् ताकदीनं कितीतरी मोठी. लाल-काळे चिमटे असलेली तार घ्या, लाल अधिकवर, काळा उणेवर, आधी चिमटे बसवा अन् मग पंपाचं बटण दाबा. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटमधून चालवायचं असेल तर इंजिन सुरू ठेवा.

बैलगाडीच्या टायराला हे सगळे छोटे पंप सोडून द्या. त्यात हवा किती लागते ते पाहा, लहान कारचं एक रिकामं टायर भरायला जेवढी हवा लागते तेवढ्यात सायकलीची चार-पाच टायरं भरतात, अन् बैलगाडीचं टायर त्याहून मोठं. तेवढ्यात पंप जळून जाईल. ते टाकीच्या कॉम्प्रेसरवरच भरा.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शेजारचे म्हणतात उन्हाळ्यात टायरात कमी हवा ठेवा नाहीतर फुटते, म्हणून मी मुलीच्या सायकलीत कमीच ठेवत होते, तरी दोनदा पंक्चर झाली अन् पंक्चरवाल्याला काटा सापडलाच नाही. आता चार्जिंगचा पंप घेतला तर तो या उन्हात टिकेल का?
— एक आई, वरोरा, जि. चंद्रपूर

ताई, तुमच्या पत्रातच उत्तर दडलेलं आहे. काटा सापडला नाही ना, मग ट्यूब परत काढून पाहा, ठिगळाच्या जागी दोन बारीक चिरा शेजारी-शेजारी होत्या का ते पंक्चरवाल्याला विचारा. तशा दोन चिरा म्हणजे कमी हवेचं पंक्चर. हवा कमी असली की गिट्टीवर किंवा सिमेंट रस्त्याच्या काठावर चाक आदळल्यावर टायर रिमपर्यंत दबते अन् मधात सापडलेली ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चिरडते. बाभळीचा किंवा गोखरूचा काटा एकच भोक पाडते.

उन्हानं हवा वाढते हे खरं, पण किती वाढते ते पाहा. सकाळी २५ अंशावर ५० पीएसआय भरली अन् दुपारी टायर ४५ अंशाला गेलं तर वाढ होते चार-पाच पीएसआयची. डांबरी रस्त्यावर टायर ६० अंशापर्यंत तापलं तरी आठच्या आसपास. तुमच्या टायरावर कमाल ६५ लिहिलेलं असेल तर ५० भरून काहीच धोका नाही. उन्हाळ्यात टायर फुटतात ते जुन्या रबरानं, उन्हात उभं राहून बाजूला भेगा पडलेल्या असतात, धागे दिसायला लागतात, किंवा ट्यूब बसवताना टायरच्या कडेखाली दाबली गेलेली असते. म्हणून कमी हवा ठेवण्यापेक्षा सायकल सावलीत ठेवा. अन् सुट्टीभर उभी राहणार असेल तरी महिन्यातून एकदा हवा भरा, चपट्या टायरावर उभी सायकल रिमच्या कडेशी चिरते.

पंपाचं म्हणाल तर त्यातली बॅटरी मोबाइलसारखीच लिथियमची, ऊन तिला मानवत नाही. टिनाच्या छपराखाली, खिडकीत, बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका. ४५ अंशाच्या खोलीत चार्जिंगला लावू नका, रात्री किंवा पहाटे लावा. हवा भरून पंप गरम झालेला असताना लगेच चार्जर जोडू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर पूर्ण भरून नाही अन् पूर्ण रिकामाही नाही, अर्धा चार्ज ठेवा अन् दोन-तीन महिन्यांनी पाहत जा. पंपाचं अंग फुगलेलं दिसलं, शिवण उघडली, गोड-आंबट रसायनासारखा वास आला तर वापर तिथंच थांबवा. टोचून पाहू नका, अन् कचऱ्यासोबत जाळू तर अजिबात नका, आपल्याकडे अंगणातला कचरा पेटवून द्यायची सवय आहे म्हणून जोर देऊन सांगतो.

आणखी एक. खूपशा स्वस्त पंपांना दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या केबलनं चार्जिंगच चढत नाही. मग लोक पंप बंद निघाला म्हणतात. सोबत आलेली, एका बाजूला जुनं चपटं टोक असलेली केबल अन् साधा चार्जर लावून पाहा.

प्रश्न : मी परतवाड्याचा. चिखलदऱ्याचा घाट नेहमी करतो अन् यंदा २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. माझी सायकल बारीक टायरची, बारीक वालाची. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा पंप पाहिला, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्याच्या भरवशावर निघू का?
— एक सायकलस्वार

भाऊ, बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास भेटतात, म्हणजे पंक्चरमध्ये पंधरा मिनिटं गेली तरी बिघडत नाही, पण रानात पंप मेला तर सगळंच बिघडते. मी म्हणतो घ्या, पण एकट्या त्याच्या भरवशावर नाही. एवढ्या लहान पंपात बॅटरीही तेवढीच लहान, ८० पीएसआयच्या वर भरायचं असेल तर एक टायर नक्की, दुसरं कदाचित. त्यासोबत सायकलच्या दांडीला लावता येणारा छोटा हातानं भरायचा पंप ठेवाच, त्याला बॅटरी नाही, तो कधी संपत नाही. रस्त्यात बाभळीच्या काट्यानं सकाळी एक अन् दुपारी दुसरं पंक्चर होणं आपल्या भागात नवलाचं नाही.

तुमच्यासाठी दोन गोष्टी खास. हे छोटे पंप मिनिटा-दोन मिनिटात इतके तापतात की हात लावता येत नाही. तुम्ही हलक्या वजनाच्या टीपीयूच्या, म्हणजे त्या प्लास्टिकसारख्या पातळ ट्यूबा वापरत असाल तर त्यांच्या वालाचा देठही प्लास्टिकचा असते अन् पंपाच्या गरम तोंडानं तो मऊ पडून वाकते किंवा गळायला लागते. म्हणून थेट वालावर लावू नका, छोटी नळी जोडूनच भरा. अन् बारीक वालाची टोकाची चकती आधी ढिली करायला, अन् एकदा टिचकी मारून थोडी हवा सोडायला विसरू नका, नाहीतर ती चिकटून राहते अन् पंप उगाच जोर लावत बसते.

निघायच्या आदल्या रात्री घरी एक टायर पूर्ण रिकामं करून त्याच पंपानं शेवटपर्यंत भरून पाहा, म्हणजे तुमच्या पंपात किती दम आहे ते कागदावरून नाही, हातानं कळेल. मग परत चार्ज करा. पावसाळ्यात असेल तर पंप झिपच्या पिशवीत.

नवीन ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवणं घाईत राहून जाते. काटा तिथंच रुतलेला असते. बोट हळू फिरवा, गोखरू बोटालाही सोडत नाही.

प्रश्न : ऑनलाइन पंप घेतला, जाहिरातीत १५० पीएसआय लिहिलं होतं, पण ९० वर जाऊन बंद पडतो अन् भयंकर तापतो. परतीची मुदत दोन दिवसांनी हुकली. विकणारा फोन उचलत नाही.
— एक वाचक, कारंजा, जि. वाशीम

सायकलीला ९० पुरते म्हणून गप्प बसू नका, जे लिहिलं ते भेटलं पाहिजे. परतीची मुदत विकणाऱ्यानं ठरवलेली असते, ती संपली म्हणून तुमचा हक्क संपत नाही. पंप चालतानाचा, आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या छापील मजकुराचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट अन् बिल एकत्र ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ज्या साइटवरून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासात तक्रारीची पोच द्यावी लागते अन् महिन्याभरात निकाली काढावी लागते, तर फोन न करता लेखी तक्रार तिथं टाका. तिथं काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येते.

पुढच्या वेळी घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीसाठीचा नंबर छापलेला आहे का पाहा, ते छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ अन् 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ज्या पंपावर यातलं काहीच नाही तो कितीही स्वस्त असला तरी उशाशी चार्जिंगला लावायच्या लायकीचा नाही.

प्रश्न : माझं रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. पोरं चार्जिंगचे पंप घेऊन राहिले, हवा भरायला कोणी थांबतच नाही. मी काय करू? टाकीचा कॉम्प्रेसर घेऊ का?
— एक दुकानदार, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

दादा, हवेचे पैसे तसेही किती भेटत होते. चार्जिंगचा पंप पंक्चर जोडत नाही, वालट्यूब बदलत नाही, वाकलेलं रिम सरळ करत नाही. उलट ज्याच्याकडे पंप आला त्याला तुमच्याकडून नवीन सामान लागणार आहे. वर सांगितलेली पितळी जोडटोकं ठेवा. मोटरसायकलच्या वालाच्या सायकल ट्यूबा ठेवा, कारण ज्याला पंपावर खरा आकडा पाहायचा आहे तो वालट्यूबची ट्यूब काढून ती मागेल, फक्त रिमच्या भोकात वाल बसते का ते आधी पाहा, घट्ट होत असेल तर गोल कानशीनं जराशी कड मारा अन् कड गुळगुळीत करा, धार राहिली तर वाल कापते.

टाकीचा कॉम्प्रेसर मोटरसायकली, ऑटो, पिकअप येत असतील तरच घ्या, नुसत्या सायकलींसाठी ते कर्ज अंगावर घेऊ नका. अन् घेतला तर सायकलीत थेट धरून ठेवू नका. टाकीत शंभर पीएसआयच्या वर दाब असते अन् सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा मावते तीन-साडेतीन लिटरच्या जागेत, काही सेकंदात ट्यूब फाटते, अन् जवळ लेकरू उभं असलं तर कानाला इजा होते. टुचूक-टुचूक, थांबून-थांबून भरा, मधात टायर हातानं फिरवून दोन्ही बाजूंनी कड रिममध्ये सारखी बसली का ते पाहा, कुठं ट्यूब डोकावत असेल तर हवा सोडून परत बसवा अन् मगच पुढं भरा.




(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना सायकलच्या वालाचा अन् टायरच्या बाजूवरच्या अक्षरांचा फोटो जोडा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.)